महेशचंद्रांचा एक डाव

येळ्ळूरजवळच्या टेकडीवर राजहंसगडाचा तट उभा आहे. बुद्धिबळातील राजालाही असाच तट लाभतो. तो बगलेला सरकतो, हत्ती त्याच्या शेजारी येऊन उभा राहतो, आणि या चालीस मराठीत किल्लेकोट म्हणतात. परंतु हा कोट पाश्चात्त्य पद्धतीचा. एतद्देशीय खेळात राजास एकदाच घोड्यासारखी उडी घेण्याची मुभा असे, आणि प्यादे बहुधा एकेकच घर सरके. साहजिकच देशी खेळाडू घाईने भिडत नसे. घोड्यापुढील प्यादे एक घर सारून त्यामागे उंट दबा धरून बसवी.

इंग्रजी अमदानीत हे दोन संप्रदाय समोरासमोर आले. १८१४ साली मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा संस्कृत ग्रंथ पाश्चात्त्य रीतीस अनुसरून इंग्रजीत छापला गेला. खरी झुंज मात्र पुढे कलकत्त्यास झाली. तेथील बॅरिस्टर जॉन कॉक्रेन आणि महेशचंद्र बॅनर्जी यांच्यात कित्येक डाव झाले. त्यांतील मे १८५५ मधील एक विशेष मननीय आहे.

कॉक्रेनने वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे टाकले. महेशचंद्रांनी घोडा काढला, देशी वळणाने उंटाची जागा सिद्ध केली, आणि तिसऱ्याच चालीला वजिरापुढील प्यादे दोन घरे लोटून पांढऱ्याच्या मध्यावर घाव घातला. पाचव्या चालीस त्यांनी किल्लेकोटही केला. येथवर काळ्याचा डाव निर्दोष आहे. पुढे मात्र त्यांचा वजीर तीन चाली भटकून मूळ घरी परतला. आणि त्याहून घातक म्हणजे, चौदाव्या चालीस कोटातील हत्ती राजाजवळून एक घर दूर गेला. त्यामुळे राजाच्या उंटापुढील प्याद्यास एकट्या राजाचाच आधार उरला. कॉक्रेनच्या घोड्याने नेमके तेच प्यादे मारले. महेशचंद्रांनी घोड्याने त्याच्या वजिरावर रोख धरला, पण वेळ टळली होती. दुहेरी शह बसला; राजा कोपऱ्यात गेला; कॉक्रेनने वजिराचा बळी देऊन तो हत्ती राजाशेजारी ओढून आणला आणि स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजास घोड्याने मात दिली.

म्हणजे डाव हरला तो मधल्या खेळाने, प्रारंभाने नव्हे. याची साक्ष सदुसष्ट वर्षांनी मिळाली. १९२२ मध्ये व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने हीच मांडणी योजून खुद्द अलेखाइनला हरविले, आणि बचावास नाव पडले ते ग्रुनफेल्डचे.