छापखान्याचे अंतर : नांदेड-लातुरातील वृत्तपत्रवाचन

नांदेड आणि लातूर या दोन शहरांतील वृत्तपत्रवाचनाचा इतिहास बहुधा वृत्तपत्रांच्या नावांवरून आणि संपादकांच्या कर्तृत्वावरून सांगितला जातो. परंतु वाचक काय वाचत होता, कोणत्या वेळी आणि कोणाबरोबर वाचत होता, असे विचारू लागले की उत्तरे संपादकांच्या टेबलापेक्षा रेल्वेच्या वेळापत्रकात आणि एसटीच्या टपावर अधिक सापडतात. अंक ज्या गावी छापला जातो ते गाव वाचकापासून किती दूर आहे, यावर या भागातील वाचनाची सवय घडत आणि मोडत गेली.

निजामाच्या राजवटीत हे अंतर केवळ मैलांचे नव्हते. कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, आणि १९५१ च्या जनगणनेतही हैदराबाद राज्यातील साक्षरता दहा टक्क्यांच्या आतच होती. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या परिपत्रकाने (गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक) सभा भरवण्यासाठीही पूर्वपरवानगी आवश्यक ठरवली होती. तेव्हा छापील मजकुराकडे सरकार कोणत्या नजरेने पाहत असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. त्यातच रेल्वेची अडचण होती. लातूरला १९११ मध्ये आलेली बार्शी लाइट रेल्वे अरुंद मापाची, म्हणजे अडीच फुटी रुळांची होती, तर नांदेडवरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद मार्ग मीटर मापाचा होता. परिणामी पुण्याहून लातूरला निघालेला गठ्ठा कुर्डुवाडीस आणि मुंबईहून नांदेडला निघालेला गठ्ठा मनमाडला दुसऱ्या गाडीत चढवल्याशिवाय पुढे जाऊ शकत नसे. उलट हैदराबादहून नांदेडला गाडी थेट येई, आणि नांदेडच्या सुशिक्षितांचे लक्ष दीर्घकाळ हैदराबादकडे लागलेले राहिले, याला राजकारणाइतकेच हे रूळही कारणीभूत होते.

आ. कृ. वाघमारे यांनी १९३७ मध्ये हैदराबादेत ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले, आणि निजाम सरकारची बंदी आल्यानंतर नावे बदलून ते पुण्याहून प्रसिद्ध होत राहिले. साप्ताहिकाचे वाचन दैनिकाच्या वाचनापेक्षा स्वभावतःच वेगळे असते. एक अंक आठवडाभर पुरवायचा, अनेक घरांत फिरवायचा, वाचता येणाऱ्याने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, अशी ती रीत होती; म्हणून त्या काळातील वाचकसंख्या खपाच्या आकड्यांवरून काढणे चुकीचे ठरते. बंदी असलेला अंक बाळगणे जोखमीचे होते, आणि जोखीम पत्करून मिळवलेला मजकूर माणूस अग्रलेखापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. कारभाराची भाषा पालटली, तरी वाचकांची पिढी एका रात्रीत पालटत नसते. उर्दू माध्यमात शिकलेले वकील, शिक्षक आणि महसूल खात्यातील कर्मचारी, ज्यांत मराठीभाषक हिंदूही पुष्कळ होते, हैदराबादचे उर्दू अंक वाचत राहिले. नांदेडमध्ये उर्दू वृत्तपत्रांना आजही वाचक आहे आणि ‘वरक-ए-ताजा’ हे उर्दू दैनिक तेथूनच निघते. मात्र त्याचा वाचक आता प्रामुख्याने मुस्लिम समाजातील आहे, आणि एका लिपीचे दोन समाजांतील वाचक एकाच टेबलाशी बसत ती स्थिती फारशा गाजावाजाविना संपली.

पुढील काळात मराठी वाचकाच्या हाती आली ती डाक आवृत्ती, म्हणजे दूरच्या गावांसाठी संध्याकाळीच छापून रवाना केलेली आवृत्ती. तिच्यात रात्रीच्या घडामोडी नसत, आणि आडबाजूच्या गावी ती दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी पोहोचे. गठ्ठा एसटीच्या टपावरून उतरे, सुतळी सोडली जाई आणि फाट्यावरच्या हॉटेलातील पहिला चहा त्या अंकाबरोबर घेतला जाई. तोपर्यंत पुणे केंद्रावरील सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या ऐकून झालेल्या असत. बातमी शिळी असल्यामुळेच अग्रलेख, वाचकांचा पत्रव्यवहार आणि मोंढ्यातील भाव यांना महत्त्व आले. मराठवाड्यातील जुन्या वाचकाची वैचारिकता म्हणून जिचे कौतुक होते, तिचा काही भाग तरी या उशिराचे फळ होता. अनंत भालेराव यांच्या संपादनाखाली औरंगाबादेतून निघणाऱ्या ‘मराठवाडा’चे वजन या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. १९७८ नंतर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर त्या पत्राने घेतलेल्या भूमिकेवर दलित कार्यकर्त्यांनी कठोर टीका केली, आणि एकच वृत्तपत्र साऱ्या प्रदेशाचा आवाज असते ही समजूत तेथे तडकली.

१९८२ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरते. जानेवारीत ‘लोकमत’ची औरंगाबाद आवृत्ती सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला. नवा जिल्हा म्हणजे नवे जिल्हाधिकारी कार्यालय, नवी जिल्हा परिषद, त्यांच्या निविदा आणि त्यांच्या बातम्या. तालुक्याच्या गावी मानधनावर काम करणारा वार्ताहर याच व्यवस्थेतून वाढला. नांदेडमध्ये ‘प्रजावाणी’ आणि ‘गोदातीर समाचार’, लातूरमध्ये ‘एकमत’ यांसारखी दैनिके तेथल्या तेथे छापली जात, आणि मोठ्या वृत्तपत्रांनाही स्वतंत्र जिल्हा पाने काढावी लागली. अंक पहाटे दारात पडू लागला, वाचकाला आपल्या गावाचे नाव आणि कधीमधी स्वतःचे छायाचित्र त्यात दिसू लागले. हा लाभ खरा होता, पण त्याची किंमतही खरी होती. लातूरच्या वाचकाला नांदेडची आणि नांदेडच्या वाचकाला लातूरची बातमी दिसेनाशी झाली, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांनी अग्रलेखाची जागा नसली तरी त्याचा वाचक पळवला.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा त्या दिवशीचे अंक गणेश विसर्जनाच्या बातम्यांसह छापून निघालेले होते. सुमारे आठ हजार माणसे गेलेल्या या घटनेची पहिली माहिती लोकांना तोंडी आणि रेडिओवरून मिळाली. मात्र त्यानंतर मृतांची नावे, मदतीचे वाटप आणि पुनर्वसनाच्या याद्या यांसाठी वृत्तपत्र हे कागदपत्रासारखे वाचले आणि जपले जाऊ लागले. असे वाचन त्याआधी या भागात क्वचितच झाले असेल.

‘लातूर पॅटर्न’मुळे, म्हणजे राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी रुजवलेल्या कसून परीक्षा-तयारीच्या पद्धतीमुळे, बाहेरगावचे विद्यार्थी लातुरात आले आणि त्यांच्यामागे अभ्यासिका आल्या. स्पर्धा परीक्षेचा उमेदवार संपादकीय पान हातात पेन घेऊन वाचतो, योजना, समित्या आणि निर्देशांक अधोरेखित करतो आणि राजकीय कुरघोडीचे पान न वाचताच उलटतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार अनुदान मिळवणाऱ्या गावोगावच्या ग्रंथालयांतही वृत्तपत्रांच्या टेबलाशी आता निवृत्त शिक्षकाशेजारी हाच वाचक बसलेला असतो, आणि दोघे एकच अंक वाचत असले तरी त्यांचे वाचन एक नसते.

२०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाइल डेटाने छापखान्याचे अंतर जवळपास शून्यावर आणले. आडत्यांकडील सोयाबीन-तुरीचे भाव, ज्यांच्यासाठी शेतकरी अंक उघडत असे, व्हॉट्सॲपच्या गटांवर सौदा होताच येऊ लागले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात राज्य शासनाने आरंभी छपाईस मुभा देऊन घरोघरच्या वाटपास मनाई केली, तेव्हा अंकाचे पीडीएफ मोबाइलवर फिरू लागले, आणि पहाटेचा पेपर एकदा सुटलेली बरीच घरे पुन्हा त्याच्याकडे वळली नाहीत. तरीही जिल्ह्यातील लहान दैनिके टिकून आहेत, ती काही अंशी शासकीय जाहिरातींवर आणि काही अंशी जाहीर प्रगटनावर, म्हणजे जमीन किंवा घर खरेदीपूर्वी कोणाची हरकत असल्यास कळवावी अशा वकिलामार्फत दिलेल्या सूचनेवर. तो अंक व्यवहाराच्या फाइलला जोडण्यासाठी घेतला जातो. ज्याची हरकत असू शकते तो भाऊबंद पुण्यात नोकरीला असतो आणि अंक त्याच्या हाती पडत नाही, पण ठरलेली मुदत उलटली की त्याने तो वाचला असे धरून व्यवहार पुढे सरकतो.