डबा बदला, माल जपा : व्हिडिओच्या फॉरमॅटची गोष्ट

आमच्या वाटूरला काय किंवा तुमच्या गावात काय, कपाटाच्या वरच्या फळीवर लग्नाची एखादी व्हीएचएस कॅसेट अजून सापडतेच. तिच्यातली माणसं पुढच्या पिढीला दिसणार का, हा आजचा प्रश्न.

सुरुवात पुण्यातून करू. प्रभातच्या काळात सिनेमे नायट्रेट फिल्मवर निघत. ही फिल्म चटकन पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि जुन्या रिळांची राख झाली. ज्या सिनेमांच्या प्रती आधीच सेफ्टी फिल्मवर काढल्या होत्या, ते वाचले. म्हणजे फॉरमॅट बदलणं ही हौस नाही, जीव वाचवणं आहे.

पण प्रतीची किंमत मोजावी लागते. १९७६ मध्ये जपानच्या जेव्हीसीने व्हीएचएस आणली. कॅसेटवरून कॅसेट काढली की चित्र पुसट, रंग पसरट. तिसऱ्या प्रतीत तर नवरदेव ओळखू येईना!

डिजिटल आलं आणि हुबेहूब प्रत शक्य झाली. तरी घोटाळा होतोच, कारण एमपी४ किंवा एमकेव्ही हा नुसता डबा असतो. आतला माल, म्हणजे चित्र दाबून ठेवायची पद्धत, वेगळी. २००३ ची एच.२६४ ही अशीच एक पद्धत. ती फाइल लहान करताना बारीक तपशील कायमचे टाकून देते.

माल तोच ठेवून डबा बदलला, तर क्वालिटी कणभरही जात नाही. एफएफएमपेग हे फुकट सॉफ्टवेअर ते काही सेकंदांत करतं. पण माल पुन्हा दाबला, की व्हीएचएसचीच गत. आणि फाइल मोठी केली म्हणून गेलेलं चित्र परत येत नाही.

ओळखायचं कसं? काम झटपट झालं आणि फाइलचा आकार जवळपास तोच राहिला, तर बहुतेक डबाच बदलला. व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ टाकला की तो दाबला जातो. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली. चालू मशीन मिळतंय तोवर कॅसेट डिजिटल करून घ्या. पहिली फाइल दोन ठिकाणी ठेवा, तिला हात लावू नका. काटछाट करायची ती प्रतीवर.

भेटू पुढच्या भागात!