बाळशास्त्री जांभेकर : 'दर्पण'कारांमधला गणिताचा शिक्षक

बाळशास्त्री जांभेकरांची ओळख पाठ्यपुस्तकात बहुधा एका वाक्यात संपते : मराठीतील पहिले वृत्तपत्र काढणारे संपादक. ते खरेच आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' निघाले, तेव्हा ते अवघे विशीत होते. पण 'दर्पण'कारांमधला गणिताचा शिक्षक त्या वाक्यात हरवतो.

कोकणातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री १८३४ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत साहाय्यक प्राध्यापक झाले. असे पद मिळालेले ते पहिले भारतीय. गणित आणि ज्योतिष हे त्यांचे विषय. काही काळ कुलाबा वेधशाळेची जबाबदारीही त्यांच्यावर होती. ताम्रपट-शिलालेखांवर त्यांनी शोधनिबंध लिहिले. १८४५ मध्ये त्यांनी संपादित केलेली ज्ञानेश्वरीची छापील आवृत्ती निघाली.

इतके सारे विषय एकाच माणसाने का हाताळावेत? महाविद्यालयातले नवे ज्ञान इंग्रजीत होते. ते मराठीत यायचे, तर पुस्तके हवीत, शब्द हवेत आणि वाचकही हवेत. यातले काहीच तयार नव्हते. 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकुराचे स्तंभ शेजारी शेजारी असत. १८४० मध्ये ते बंद झाले आणि त्याच वर्षी बाळशास्त्रींनी 'दिग्दर्शन' हे मराठी मासिक सुरू केले. त्यात बातम्यांऐवजी भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, रसायन अशा विषयांवरचे लेख असत, सोबत नकाशे आणि आकृत्या.

शब्द घडवताना शिक्षक कसा विचार करतो, याचे एक उदाहरण पाहू. कलनगणितावरच्या त्यांच्या पुस्तकाचे नाव 'शून्यलब्धि'. लब्धि म्हणजे भागाकाराचे उत्तर. दोन राशींमधले बदल लहान होत होत शून्याकडे जातात, तरी त्यांच्या भागाकाराला एक निश्चित किंमत उरते. विकलनाचा हा गाभा त्या एका शब्दात सामावतो.

१८४६ मध्ये, पस्तिशी गाठण्याआधीच, बाळशास्त्रींचे निधन झाले. पण त्यांचे विद्यार्थी होते. दादाभाई नौरोजी पुढे त्याच संस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी ग्रहगणितावर मराठीत ग्रंथ लिहिला आणि पुण्यात टिळकांना गणित शिकवले.

आज आपण 'विकलन' हा शब्द वापरतो. 'शून्यलब्धि' मागे पडला. तरीही हा विषय शिकवताना तो एकदा फळ्यावर लिहावा आणि या नावाचा अर्थ काय असेल, असे मुलांना विचारावे. व्याख्येच्या निम्म्या वाटेपर्यंत मुले आपली आपणच पोचतील.