२५ ऑक्टोबर १९२४: एक बनावट पत्र आणि एक खरा वटहुकूम

आमच्या घरी संध्याकाळी रेडिओवर बीबीसीची उर्दू सेवा लागायची. ‘सैरबीन’ सुरू झालं की अब्बा नुसत्या हाताच्या खुणेने सगळ्यांना गप्प बसवायचे. मोहल्ल्यात एखाद्या बातमीवरून वाद पेटला की तो शेवटी ‘बीबीसीने सांगितलंय’ या दोन शब्दांवर मिटायचा. दिल्ली लपवेल, मुंबई लपवेल, पण लंडन खोटं बोलणार नाही, अशी ती श्रद्धा होती. आणीबाणीचे दिवस पाहिलेल्या माणसांची ही श्रद्धा अगदीच अनाठायी होती, असंही म्हणता येणार नाही.

पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा या श्रद्धेला पहिला धक्का बसला तो ‘झिनोव्हिएव्ह पत्र’ प्रकरणाने. तेव्हापासून पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसमोर किंवा एखाद्या अभ्यासमंडळात बोलायची वेळ आली की मी हे प्रकरण हमखास सांगतो. ते सांगताना माझ्याकडूनही एक चूक होत होती. आज ती दुरुस्त करायची आहे.

आधी प्रकरण काय होतं ते पाहू.

१९२४ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच मजूर पक्षाचं सरकार आलं. रॅम्से मॅकडोनल्ड पंतप्रधान झाले आणि परराष्ट्र खातंही त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. सरकार अल्पमतातलं होतं. ६१५ जणांच्या सभागृहात मजूर पक्षाचे १९१ सदस्य, म्हणजे लिबरल पक्षाच्या टेकूशिवाय चालणं शक्य नव्हतं. या सरकारने फेब्रुवारीत सोव्हिएत रशियाला मान्यता दिली, ऑगस्टमध्ये मॉस्कोशी करार केले आणि उजव्या वर्तुळात अस्वस्थता पसरली. त्यातच ‘वर्कर्स वीकली’ या कम्युनिस्ट पत्राचे हंगामी संपादक जे. आर. कॅम्पबेल यांच्यावरचा खटला सरकारने मागे घेतला. सैनिकांनी कामगारांवर गोळ्या झाडू नयेत, असं आवाहन छापल्याबद्दल तो भरला होता. ८ ऑक्टोबरला संसदेत या प्रश्नावर सरकारचा १९८ विरुद्ध ३६४ मतांनी पराभव झाला. निवडणूक जाहीर झाली आणि मतदानाची तारीख ठरली २९ ऑक्टोबर.

शनिवार, २५ ऑक्टोबर. मतदानाला अवघे चार दिवस उरलेले. त्या सकाळी लॉर्ड रॉदरमिअर यांच्या मालकीच्या ‘डेली मेल’ने मोठ्या अक्षरांत मथळा दिला: समाजवाद्यांच्या मालकांचा यादवी युद्धाचा कट. खाली एक पत्र छापलं होतं. कम्युनिस्ट इंटरनॅशनलचे अध्यक्ष ग्रिगोरी झिनोव्हिएव्ह यांनी १५ सप्टेंबरला ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाला ते लिहिल्याचा दावा होता. रशियाशी झालेला करार मंजूर करून घेण्यासाठी कामगारांना उठवा, सैन्यात आपले गट तयार करा, असा एकूण मजकूर. वाचकाने काढायचा अर्थ उघड होता. मजूर सरकार म्हणजे मॉस्कोच्या दोरीवर नाचणारी बाहुली.

नुसतं एका वृत्तपत्राने छापलं असतं तर ‘निवडणुकीचा धुरळा’ म्हणून लोकांनी कदाचित सोडून दिलं असतं. पण त्याच सकाळी पत्रासोबत आणखी एक कागद छापून आला. तो होता ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याने सोव्हिएत दूतावासाचे प्रमुख रकोव्स्की यांच्याकडे नोंदवलेला अधिकृत निषेध. म्हणजे सरकारनेच पत्र खरं धरलं, असं चित्र उभं राहिलं. प्रत्यक्षात काय घडलं होतं? गुप्तचर खात्याने हे पत्र १० ऑक्टोबरच्या सुमारास परराष्ट्र खात्याकडे दिलं होतं. मॅकडोनल्ड प्रचारासाठी लंडनबाहेर होते. निषेधाचा मसुदा त्यांच्याकडे गेला, त्यांनी त्यात दुरुस्त्या केल्या, पण त्यावर आपली अंतिम संमतीची आद्याक्षरं केली नाहीत. इकडे पत्र ‘डेली मेल’च्या हाती लागल्याचं खात्याच्या अधिकाऱ्यांना कळलं. आपण मागे पडू या घाईने त्यांनी निषेध पाठवला आणि वृत्तपत्रांनाही दिला. पंतप्रधान स्वतः परराष्ट्रमंत्री असताना त्यांच्याच खात्याने त्यांच्याविरुद्ध पुरावा पुरवला, असं दृश्य देशाला दिसलं. त्यावर मॅकडोनल्ड जाहीरपणे बोलले ते थेट सोमवारी, कार्डिफच्या सभेत. दोन दिवस वृत्तपत्रांना रान मोकळं होतं. बीबीसीला जेमतेम दोन वर्षं झाली होती. वृत्तपत्रांचा धंदा बुडू नये म्हणून तिने संध्याकाळी सातच्या आत बातम्या द्यायच्या नाहीत, असं बंधन होतं. त्यामुळे सकाळ ही पूर्णपणे छापील कागदाची होती.

रकोव्स्की यांनी पत्र बनावट असल्याचं तत्काळ कळवलं. त्यांनी दाखवलेली एक विसंगती तर शाळकरी पोरालाही समजावी. पत्राच्या माथ्यावर ‘तिसरी कम्युनिस्ट इंटरनॅशनल’ असं नाव होतं. तिसरी इंटरनॅशनल होती, कम्युनिस्ट इंटरनॅशनल होती, पण ‘तिसरी कम्युनिस्ट’ कशी असेल? पहिली आणि दुसरी कम्युनिस्ट इंटरनॅशनल कधी झालीच नव्हती. आपल्याच संस्थेचं नाव तिचा अध्यक्ष चुकवील का? पण खुलासा नेहमी मागाहून येतो, आणि त्याला मथळ्याइतकी मोठी अक्षरं मिळत नाहीत.

या पत्राचा मूळ कागद कधीच कुणाला सापडला नाही. नव्या हुजूर सरकारच्या समितीने ते खरं ठरवलं. ब्रिटिश कामगार संघटनांचं शिष्टमंडळ मॉस्कोला जाऊन दफ्तर चाळून आलं, त्यांना काही मिळालं नाही. पुढे १९९८ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी खात्याच्या मुख्य इतिहासकार जिल बेनेट यांच्याकडे चौकशी सोपवली. १९९९ मध्ये त्यांचा अहवाल आला. पत्र जवळजवळ निश्चितपणे बनावट होतं. ते बहुधा क्रांतीविरोधी रशियनांच्या वर्तुळात तयार झालं आणि हुजूर पक्षाशी जवळीक असलेल्या गुप्तचर खात्यातल्या माणसांकडून फुटलं असावं. मात्र संपूर्ण खात्याने मिळून रचलेला कट होता, असा पुरावा त्यांना मिळाला नाही.

इथपर्यंत मी सांगायचो. मग आवाज थोडा चढवून शेवट करायचो: अशा रीतीने एका खोट्या बातमीने कामगारांचं पहिलं सरकार पाडलं! टाळ्या पडायच्या.

एकदा अशाच कार्यक्रमानंतर एक निवृत्त शिक्षक जवळ आले. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “भाई, त्या निवडणुकीत मजूर पक्षाची मतं किती कमी झाली?” मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं गोष्ट सांगत होतो, पण आकडा कधी पाहिलाच नव्हता. घरी येऊन पाहिला आणि खजील झालो.

मतं कमी झालीच नव्हती, उलट वाढली होती. १९२३ मध्ये मजूर पक्षाला सुमारे ४४ लाख मतं होती, ती १९२४ मध्ये जवळपास ५५ लाख झाली. जागा मात्र १९१ वरून १५१ वर आल्या. खरी वाताहत झाली लिबरल पक्षाची. त्यांच्या जागा १५८ वरून ४० वर घसरल्या. लिबरलांचा मतदार फुटून मोठ्या प्रमाणात हुजूर पक्षाकडे गेला आणि हुजूर पक्षाने चारशेच्या वर जागा घेतल्या. शिवाय सरकार पडलं होतं ते ८ ऑक्टोबरला संसदेत. पत्र छापलं गेलं त्यानंतर सतरा दिवसांनी. जे आधीच पडलं होतं, ते पत्राने पाडलं कसं?

याचा अर्थ पत्राचा काहीच परिणाम झाला नाही, असंही नाही. मजूर पक्षाने या वेळी ४२७ ऐवजी ५१४ उमेदवार उभे केले होते, त्यामुळे मतं काही प्रमाणात वाढणारच होती. मतदानही वाढलं होतं. घाबरून घराबाहेर पडलेले किती आणि आधीच ठरवून आलेले किती, हे मोजायचं माप कुणाकडे नाही. पण ‘पत्रामुळे हरलो’ हे मजूर पक्षाचं म्हणणं त्यालाही सोयीचं होतं. आपलं काय चुकलं, हा प्रश्न त्यामुळे टळत होता. आणि मलाही ते सोयीचं होतं, कारण मला ‘लंडनची वृत्तपत्रं’ नावाचा खलनायक हवा होता. ‘डेली मेल’च्या वाचकाने आपल्याला हवं ते पत्र खरं मानलं, मी मला हवी ती गोष्ट खरी मानली. तपासलं दोघांनीही नाही.

या लाजेपोटी मी तो महिना पुन्हा वाचायला घेतला. या वेळी फक्त लंडन नाही, आपल्याकडचंही. आणि एका तारखेपाशी थबकलो.

२५ ऑक्टोबर १९२४. तीच सकाळ. कलकत्त्यात पोलिसांनी पहाटेच सुभाषचंद्र बोस यांना अटक केली. त्या वेळी ते कलकत्ता महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते आणि महापौर होते चित्तरंजन दास. बंगालमध्ये नवा वटहुकूम लागू झाला होता. संशयावरून पकडायचं, खटला न चालवता डांबायचं, असे अधिकार त्यातून सरकारला मिळाले. सोबतीला १८१८ चं जुनं रेग्युलेशन तीन होतंच. बोस यांच्याबरोबर स्वराज्य पक्षाच्या अनेक कार्यकर्त्यांची धरपकड झाली. वटहुकूम काढला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी, पण त्याला संमती होती लंडनच्या सरकारची. कोणत्या सरकारची? रॅम्से मॅकडोनल्ड यांच्या. भारतमंत्री होते मजूर पक्षाचे लॉर्ड ऑलिव्हिए.

म्हणजे ज्या सकाळी ‘डेली मेल’ सांगत होता की हे सरकार क्रांतिकारकांच्या मुठीत आहे, त्याच सकाळी त्या सरकारच्या संमतीने कलकत्त्यात माणसं बिनाचौकशी उचलली जात होती. हे एकदाच घडलं असंही नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कानपूर बोल्शेव्हिक कट खटल्यात मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी, नलिनी गुप्ता आणि आपल्या मुंबईचे श्रीपाद अमृत डांगे यांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली होती. तिथेही पुरावा मुख्यतः पत्रांचाच होता, टपालात पकडलेल्या पत्रांचा. लंडनमध्ये मॉस्कोचं हस्तक ठरवलं गेलेलं सरकार सत्तेवर असताना भारतात मॉस्कोचे हस्तक म्हणून लोक तुरुंगात जात होते.

आणखी एक गंमत बघा. २९ ऑक्टोबरला, लाल भीतीच्या त्या ऐन लाटेत, लंडनच्या बॅटरसी नॉर्थ मतदारसंघातून कम्युनिस्ट उमेदवार निवडून आला. त्यांचं नाव शापुरजी सकलातवाला. मुंबईत जन्मलेले पारशी. मथळे वाचूनही तिथल्या कामगारांनी आपलं मत आपल्याच अकलेने दिलं. वाचक आपण समजतो तितका भोळा नसतो, हेही या आकड्यांतून शिकण्यासारखं आहे.

आज ब्रिटनमधल्या राजकारणाची बातमी काही सेकंदांत आपल्या हातातल्या फोनवर येते. कोण पंतप्रधान पडला, कुणाचा कागद फुटला, कुणी काय म्हटलं, आणि गटागटांत भांडणं सुरू होतात. मी आता अशी बातमी आली की ‘खरी की खोटी’ एवढंच विचारून थांबत नाही. ती आजच का आली, हे पाहतो. ती माझ्या मनासारखी असेल तर जरा जास्त वेळ तिच्याकडे बघतो. आणि त्या मथळ्याच्या आडोशाने, त्याच दिवशी, त्याच सरकारच्या सहीने दुसरीकडे काय होतंय, ते शोधतो.

बनावट पत्राची चौकशी पंचाहत्तर वर्षं चालली. समित्या नेमल्या, शिष्टमंडळं गेली, पुस्तकं लिहिली गेली, अहवाल निघाले. ते प्रकरण ब्रिटनच्या राजकारणात अजूनही दाखल्यासाठी काढलं जातं. त्याच सकाळच्या वटहुकुमात बनावट काहीच नव्हतं. सही खरी, शिक्का खरा, तुरुंगही खरा. बोस यांना मंडालेला नेण्यात आलं, तिथे त्यांची तब्येत खालावली आणि मे १९२७ मध्ये त्यांची सुटका झाली. त्यांच्यावर खटला कधी चाललाच नाही. आणि या वटहुकुमामुळे ती निवडणूक कुणी हरलं, असं आजवर कुणीही म्हटलेलं माझ्या वाचनात नाही.