सीव्हीतलं गायब वर्ष

परवा पुसदहून मावसभावाचा सीव्ही आला. "दादा, जरा बघून दे ना." पहिल्याच ओळीत हार्डवर्किंग, डायनॅमिक, टीम प्लेयर! आणि २०२२-२३ हे अख्खं वर्ष गायब. विचारलं तर म्हणाला, "तेव्हा बाबा आजारी होते, शेती मीच बघत होतो. ते कशाला लिहायचं? हसतील लोक."

मला त्याच्याच तालुक्यातले वसंतराव नाईक आठवले.

पुसद तालुक्यातलं गहुली, बंजारा समाजाचं गाव. तिथे १ जुलै १९१३ ला नाईकांचा जन्म झाला. पुढे नागपुरात शिक्षण. १९४० मध्ये कायद्याची पदवी, म्हणजे वय २७. आजच्या एचआरने नक्की विचारलं असतं, इतका उशीर का? मग पुसदला वकिली. १९४६ मध्ये नगराध्यक्ष. १९५२ मध्ये आमदार आणि जुन्या मध्य प्रदेशात महसूल उपमंत्री (विदर्भ तेव्हा त्या राज्यात होता). द्विभाषिक मुंबई राज्यात सहकार, मग कृषी. १९६० नंतर महाराष्ट्रात महसूल. ५ डिसेंबर १९६३ ला मुख्यमंत्री, ते थेट फेब्रुवारी १९७५ पर्यंत.

बघा, यात एकही विशेषण नाही. फक्त साल, जागा आणि काम. तरी माणूस कळतो! सहकार, शेती, महसूल बघितलेला हा माणूस मुख्यमंत्री असताना, १९६८ ते १९७२ मध्ये, राज्यात चार कृषी विद्यापीठं झाली, हे मग नवल वाटत नाही.

दुसरी गोष्ट इटलीतली. साधारण १४८२ मध्ये लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे नोकरीसाठी पत्र तयार केलं. त्यात आधी पूल, तोफा, युद्धाची यंत्रं. चित्रकला अगदी शेवटी. कारण समोरच्याला गरज युद्धाची होती. थोडक्यात, खरं तेच लिहायचं, पण समोरच्याच्या कामाचं आधी.

भावाला विचारलं, "अर्ज कुठे करतोयस?"

"शेतकऱ्यांसाठी अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत."

मी कपाळावर हात मारला! अरे, नाईकांच्या जन्मदिवशी, १ जुलैला, महाराष्ट्र कृषी दिन साजरा करतो आणि तू शेती लपवतोयस?

विशेषणं उडवली. त्या जागी एक ओळ आली: '२०२२-२३: आठ एकर कापूस व सोयाबीन, पेरणी ते विक्री; मजुरी-खर्चाचा रोजचा हिशेब एक्सेलमध्ये.'

इंटरव्ह्यू गुरुवारी आहे.