कोवळ्या वयातील मातृत्व : कुपोषणाचे पहिले पाऊल

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. १९९३ मध्ये येथील बालमृत्यूंमुळे हा कोरकू आदिवासींचा प्रदेश देशभर चर्चेत आला. तेव्हापासून चर्चा होते ती प्रामुख्याने बालकांच्या कुपोषणाची. परंतु हे कुपोषण अनेकदा जन्मापूर्वीच, स्वतः वाढीच्या वयात असलेल्या आईच्या शरीरात सुरू झालेले असते. मेळघाटाविषयीच्या जनहित याचिकांवरील सुनावणीत २०२२ मध्ये राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयाला दिलेली माहिती या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्यानुसार आदिवासीबहुल १६ जिल्ह्यांत तीन वर्षांत १५ हजार २५३ बालविवाह झाले होते आणि कुपोषणाने दगावलेल्या ६ हजार ५८२ बालकांपैकी ६०१ बालकांच्या माता अल्पवयीन होत्या.

व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये विकसनशील देशांत १५ ते १९ वयोगटातील सुमारे २ कोटी १० लाख मुलींना दिवस गेले. त्यांतील जवळपास निम्म्या गर्भधारणा अनपेक्षित होत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील या वयोगटातील ७.६ टक्के मुली माता झालेल्या किंवा गर्भवती आढळल्या. देशाची सरासरी ६.८ टक्के होती.

कारणे

या प्रश्नाचे मूळ बालविवाहात आहे. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील बरीच शेती कोरडवाहू असून कापूस आणि सोयाबीनच्या भरवशावर चालते. नापिकी व कर्जाच्या वर्षी एकाच मांडवात दोन बहिणींचे लग्न उरकणे कुटुंबाला सोयीचे वाटते. मुलगी लहान असेल तर हुंडा कमी द्यावा लागतो, हाही हिशेब असतो. मेळघाटातील कुटुंबे खरिपानंतर मजुरीसाठी मैदानी भागात उतरतात. वयात आलेल्या मुलीला गावी एकटी कशी ठेवावी, ही चिंता तिच्या विवाहाची घाई करते. गावातील शाळा संपली की शिक्षण थांबते आणि शिक्षण थांबले की स्थळे पाहणे सुरू होते. विवाहानंतर वर्षभरात पाळणा हलावा, अशी सासरची अपेक्षा असते. पाळणा लांबविण्याची साधने मात्र नवविवाहितेपर्यंत क्वचितच पोहोचतात. काही प्रकरणांत लैंगिक शोषण हेही गर्भधारणेचे कारण असते.

आरोग्यावरील परिणाम

किशोरवयात मुलीच्या शरीराची वाढ सुरूच असते. गर्भ राहिल्यास मिळणाऱ्या पोषणात आई व बाळ हे दोन वाटेकरी होतात. त्यात देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त असल्याचे याच पाहणीत आढळले आहे. अशा मातेला प्रसूतीनंतरचा साधारण रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो. कमरेच्या हाडांची पूर्ण वाढ झालेली नसल्यास प्रसूती अडते. वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास मूत्राशय व योनिमार्ग यांच्यात छिद्र पडून सतत लघवी गळण्याचा विकार जडू शकतो. रक्तदाब वाढून झटके येणे, गर्भाशयाचा जंतुसंसर्ग यांचे प्रमाणही या वयात अधिक असते. धारणीहून अमरावती घाटरस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. अडलेल्या प्रसूतीत हे अंतरच निर्णायक ठरते.

बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता वाढते. अशी मुलगी जगली तरी खुरटते आणि लवकर विवाह झाल्यास तेच चक्र पुन्हा फिरते.

वय लपविण्याचा धोका

२००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचे वय १८ व मुलाचे २१ पूर्ण असणे आवश्यक ठरविले आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये अल्पवयीन मुलीच्या गर्भधारणेची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. या धास्तीने कुटुंबे वय वाढवून सांगतात, नोंदणी लांबवितात किंवा घरीच बाळंतपण करतात. परिणामी जिला सर्वाधिक देखरेखीची गरज, तीच दवाखान्यापासून दूर राहते. वस्तुतः उपचार नाकारण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही. जननी सुरक्षा योजनेतील किमान वयाची अटही २०१३ मध्ये काढून टाकण्यात आली. अल्पवयीन मुलीला पालकांच्या लेखी संमतीने, डॉक्टरांच्या मतानुसार २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. अशा वेळी मुलीने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

उपाय

बालविवाहाची माहिती १०९८ या क्रमांकावर देता येते. मात्र मांडवात जाऊन विवाह थांबविणे हा शेवटचा उपाय होय. मुलगी बारावीपर्यंत शाळेत टिकणे, स्थलांतराच्या काळात तिच्यासाठी वसतिगृह असणे, लोहाच्या गोळ्या नियमित मिळणे आणि विवाह झालाच असेल तर पहिले बाळंतपण लांबविण्यासाठी आशा कार्यकर्तीने त्या घरी वेळेवर पोहोचणे, हे उपाय आधीचे आहेत. दिवस गेलेलेच असतील, तर पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी आणि रुग्णालयातच प्रसूती, हे दोन नियम पाळल्यास आई व बाळ दोघांचेही प्राण वाचू शकतात.