प्रोटॉनचा धरमकाटा

आग्रा-मुंबई रस्त्याने घाट उतरून निमाडात आले की धामनोद लागते. अशा रस्त्यावरच्या गावात धरमकाटा म्हणजे काय, हे कोणाला समजावून द्यावे लागत नाही. आधी रिकामा ट्रक, मग भरलेला. वजाबाकी केली की मालाचे वजन हाती येते. गठाणींची बेरीज काट्याशी जुळली नाही, की तंटा ठरलेला. पदार्थविज्ञानातही असाच एक तंटा उभा राहिला.

१९६४ साली गेल-मान आणि झ्वाइग यांनी, एकमेकांच्या नकळत, प्रोटॉनसारखे कण क्वार्कांचे बनलेले असावेत असे मांडले. प्रोटॉनात तीन क्वार्क. पण या तिघांचे वस्तुमान मिळवले, तर प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या जेमतेम एक टक्का भरते! बाकीचा माल आला कोठून? क्वार्कांची धावपळ आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांच्या ऊर्जेतून. आइनस्टाइनच्या सूत्राप्रमाणे ऊर्जेलाही वजन असतेच. समीकरण कागदावर होते. सुटत मात्र नव्हते.

१९७४ साली केनेथ विल्सन यांनी युक्ती काढली. अवकाश आणि काळ यांची जाळी कल्पावी, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी, मात्र चार दिशांची. ठिपक्यांवर क्वार्क, ठिपके जोडणाऱ्या रेघांवर ग्लुऑन. पुढे १९८०च्या सुमारास मायकेल क्रॉइट्झ यांनी ही जाळी संगणकावर चालवून दाखवली. प्रत्येक बाजूस ८ ठिपके घेतले तर एकूण ४,०९६ होतात. ३२ घेतले की दहा लाखांवर जातात. यंत्रे अपुरी पडत. म्हणून शून्यातून उपजणाऱ्या आणि विरणाऱ्या क्वार्कांच्या जोड्या कित्येक वर्षे हिशेबातून सरळ वगळल्या जात. खतावणीचे एक पान चिकटवून ठेवावे, तसाच हा प्रकार! ते पान उघडून प्रोटॉनचे वजन थोड्या टक्क्यांच्या फरकाने जुळवले गेले, ते २००८ साली, युरोपातील एका गटाकडून.

या विद्येचे आपल्याकडचे घराणे याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईत कुलाब्याला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला होता. तेथेच राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी, किती तापमानाला प्रोटॉन 'वितळून' क्वार्क मोकळे होतात, याचे गणित जाळीवर मांडले. उत्तर साधारण दोन लाख कोटी अंशांच्या घरात येते.

२०१७ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ओमेगा-सी जातीचे पाच नवे कण सापडले. प्रत्येकात एक चार्म आणि दोन स्ट्रेंज क्वार्क. याच संस्थेतील निलमणी माथूर यांनी एम. पद्मनाथ यांच्यासोबत जाळीच्या गणितावरून पाचांची ओळख सांगितली: पहिल्या दोघांची फिरकी १/२, पुढच्या दोघांची ३/२, शेवटच्याची बहुधा ५/२. वस्तुमाने तर सुरेख जुळली. मात्र २०२१ साली सर्नच्या त्याच प्रयोगाने पहिल्या चौघांची फिरकी तपासली, तेव्हा हा क्रम आकड्यांशी नीट बसेना. काटा खरा की वही खरी, हे तपासणे चालू आहे.